महापालिकेची नोटीस आली तेव्हा घेतलेली लायसन्स इंजिनियरची सर्व्हिस, आमचा पूर्ण अनुभव (५ पैकी ४ स्टार)

स्टार आधीच सांगते, पाचपैकी चार. एक का कापला ते खाली लिहिलंय. रिव्ह्यू लांब होणार आहे कारण नोटीस आली तेव्हा मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत होते आणि नीट समजेल असं मराठीत काहीच सापडत नव्हतं. इंजिनियर सरांचं नाव टाकत नाहीये, फाईल पूर्ण बंद होईपर्यंत टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय. लायसन्स असलेल्या आर्किटेक्ट-इंजिनियरची यादी महापालिकेत विचारली की मिळते.

घर आईचं. मुंबईबाहेरच्या एका महापालिकेच्या हद्दीत बाबांनी १९९३ मध्ये बांधलेला ट्विन बंगला, म्हणजे एका बाजूची भिंत शेजारच्यांशी कॉमन आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा. प्लॉट १८० चौरस मीटर. बाबा गेले त्याला आता दहा वर्षं होतील, दादा दुबईला, मी मुंबईत, आई एकटी तिथे राहते. गेल्या वर्षी मे महिन्यात एका सकाळी आई दूध आणायला बाहेर पडली तर गेटला कागद चिकटवलेला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ५३ ची नोटीस. अनधिकृत बांधकाम ३० दिवसांत काढून घ्या, नाहीतर महापालिका काढेल आणि खर्च तुमच्याकडून वसूल करेल, शिवाय कलम ५२ खाली गुन्हा. त्या कलम ५२ मध्ये कमीत कमी एक महिना ते तीन वर्षं कैद आणि २००० ते ५००० रुपये दंड असं लिहिलेलं असतं. आईने "तीन वर्षे" एवढंच वाचलं आणि मला फोन करून म्हणाली, अगं मला आता या वयात आत टाकणार का गं. तिच्या आवाजाने मी हादरले आणि दुपारच्याच गाडीने निघाले.

पहिली चूक मी जवळजवळ केलीच होती. शेजारच्या गल्लीतल्या एकाने एजंटचा नंबर दिला. तो घरी आला, खुर्चीत बसला, नोटीस धड उघडलीसुद्धा नाही आणि म्हणाला, ताई टेन्शन घेऊ नका, साठ हजार कॅश, फाईल खाली दाबून ठेवायची व्यवस्था करतो. दादा फोनवरून म्हणाला देऊन टाक, कटकट नको. मी पैसे काढायला बँकेतसुद्धा गेले होते. तिथे माझी शाळेतली मैत्रीण काम करते, तिने माझा चेहरा बघून विचारलं, आणि तिनेच या सरांचा नंबर दिला, त्यांच्या बँकेच्या घरकर्जाच्या मूल्यांकनाची कामं ते करतात म्हणून. ती म्हणाली फाईल दाबलेली असते ना, ती पुढचा कोणीही माणूस वर काढतो, आणि घर विकायला किंवा कर्जाला काढशील तेव्हा बँकेला मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायला महापालिकेची परवानगी, लागणारच.

सरांना फोन केला तर पहिला प्रश्न, "मंजूर नकाशा आहे का घरात?" किती खोल्या, किती मजले, नोटीस कुणाच्या सहीची, काही नाही, आधी नकाशा. मला नकाशा म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं, तर बांधायच्या आधी महापालिकेने पास केलेलं घराचं ड्रॉईंग. आईने बाबांची लोखंडी ट्रंक उघडली, त्यात विम्याच्या पावत्यांच्या खाली निळसर पडलेला, घड्यांवर फाटलेला मोठा कागद निघाला, कोपऱ्यात महापालिकेचा गोल शिक्का आणि १९९३ ची तारीख. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी घाबरू नका, महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे साक्षांकित प्रत मागता येते, नाही दिली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण नोटिशीची मुदत चालू असताना हे ३० दिवस फार महाग पडतात, त्यामुळे आज घरात नोटीस नसेल तरी नकाशा मिळवून ठेवा हे मी अगदी हात जोडून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले, सोबत टेप धरायला एक मुलगा. डायनिंग टेबलवर नकाशा पसरला, कोपरे वर येत होते म्हणून एका बाजूला मिठाची बरणी आणि एका बाजूला आईचा चष्म्याचा डबा ठेवला आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसले. मग उठून दोन तास घर मोजलं, अगदी जिन्याखालची जागासुद्धा. कॉलमवर बोटाची गाठ वाजवून बघत होते. आई चहा घेऊन मागे मागे फिरत होती. संपल्यावर तिला म्हणाले, "काकू, यातलं काही वाचेल, काही वाचणार नाही. जे वाचणार नाही ते मी आजच सांगतो, नंतर सांगून तुमचा पैसा वाया घालवणार नाही." मी चार स्टार मुख्यतः या वाक्यासाठी देतेय.

आमच्याकडे काय काय निघालं ते सांगते, कारण तुमच्या घरी यातलं निम्मं तरी असणारच, आपल्याकडे जुन्या घरांत हे सगळीकडे आहे आणि कोणाला ते बेकायदा वाटतच नाही.

सगळ्यात मोठं, साईड मार्जिन. नकाशात बाजूला दीड मीटर मोकळी जागा दाखवलेली, आणि बाबांनी तिथे पत्रा टाकून मोरी आणि संडास केला होता, माझ्या आजीला पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून. त्यावर आईचं म्हणणं एकच, आम्ही त्याची घरपट्टी भरतो की हो, महापालिकेचा माणूस येऊन मोजून गेला होता आणि बिलात वाढवलं होतं, मग ते बेकायदा कसं? मलाही अगदी हेच वाटत होतं. सरांनी शांतपणे समजावलं. कर विभाग आणि बांधकाम विभाग वेगळे, कर विभाग जे उभं आहे त्यावर कर लावतो, ते परवानगीने उभं आहे का हे बघणं त्याचं काम नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६७अ आहे, त्यात अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती म्हणजे दंड लावायची तरतूद आहे, आणि त्याच कलमात लिहिलंय की शास्ती घेतली म्हणजे बांधकाम नियमित झालं असा अर्थ होत नाही. पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर म्हणून आपण बातम्यांत जे ऐकायचो ते हेच, तिथे २०२३ मध्ये सरकारने तो माफ केला पण माफी कराची होती, बांधकामाची नव्हे. आई हे ऐकून गप्पच झाली. मोकळी जागा सोडतात ती हवा-उजेडासाठी आणि आग लागली तर माणसाला तिथून निघता यावं म्हणून, त्यामुळे मोरी वाचणार नाही, काढावी लागेल, असं स्पष्ट सांगितलं.

दुसरं, गेटसमोरचा रॅम्प आणि ओटा. स्कूटर वर घ्यायला बाबांनी गटारावर स्लॅब टाकून तो रस्त्यात चारेक फूट पुढे आणला होता. माझ्या मोबाईलवर सगळ्यांनी तो मेसेज पाठवला होता की सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय, १५ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काही पाडता येत नाही. सर म्हणाले निकाल खरा आहे, पण रस्ता, फूटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला ते संरक्षण त्याच निकालात नाही, त्यामुळे रॅम्प तुम्ही उद्याच काढा. आम्ही खरंच दोन दिवसांत काढला. खालचं गटार वीसेक वर्षं साफच झालेलं नव्हतं, स्लॅब उचलल्यावर जो काळा गाळ निघाला तो बघून मला फार वाईट वाटलं, गल्लीत डास डास म्हणून आपणच ओरडत होतो.

तिसरं, गच्चीवरची खोली. बारा बाय चौदा, विटांच्या भिंती, वर पत्रा, आणि शेजारी दोन हजार लिटरची टाकी. दादाच्या बारावीच्या अभ्यासासाठी केलेली. ही वाचेल असं त्यांना वाटत होतं. राज्यात मुंबई वगळता बहुतेक ठिकाणी आता एकच नियमावली आहे, २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली, सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. १९९३ च्या नकाशात आमचा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १ धरलेला, आता नऊ मीटरपेक्षा लहान रस्त्यालासुद्धा बेसिक १.१० आणि त्यावर प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी एरिया, म्हणजे वाढीव बांधकाम, मिळतो. म्हणजे १८० च्या प्लॉटला १९८ चौरस मीटर बेसिक, वर आणखी. खोली त्यात आरामात बसते. फक्त आधी स्ट्रक्चरल इंजिनियर येऊन बघेल, खालचे कॉलम वजन घेतायत असं सर्टिफिकेट देईल, तरच पुढे. तो आला, हातोडीसारखं एक स्प्रिंगचं यंत्र कॉलमवर दाबून रीडिंग घेत होता, रिबाउंड हॅमर म्हणतात त्याला. दोन कॉलमला ओल होती, त्यांची दुरुस्ती लिहून दिली आणि टाकी दोन लहान टाक्यांत वाटून कॉलमच्या डोक्यावर ठेवायला लावली.

वरच्या गॅलरीला खिडक्या लावून ती खोलीत घेतलेली, ते जुन्या नियमात एफएसआयच्या बाहेर होतं, आता मोजणीत घेऊन नियमित झालं, फार त्रास नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटला तो पार्किंगसाठी. खाली नकाशात पार्किंग आहे आणि आईने शटर लावून ती जागा एका ताईंना ब्लाऊज शिवायच्या दुकानाला दिली होती, महिना साडेचार हजार भाडं. आईचा औषधांचा खर्च त्यातून निघायचा. सर म्हणाले पार्किंगची जागा दुसऱ्या कशालाच वापरता येत नाही आणि घराच्या जागेचा असा वापर बदलणं हासुद्धा कायद्यात बांधकामासारखाच परवानगी लागणारा "विकास" धरतात. त्या ताईंना जागा मोठी हवी म्हणून मधली भिंत पाडायची होती, आईने जवळजवळ हो म्हणलं होतं. ते ऐकून सर एकदम उठलेच. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची इमारत कोसळली, १७ माणसं गेली, तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं, हे आठवा म्हणाले, खालच्या भिंतीला कॉलमला कधीही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ताईंना आम्ही दोन महिन्यांची मुदत दिली, दोन गल्ल्या सोडून जागा शोधायला मीच त्यांच्याबरोबर फिरले. त्या चांगल्या आहेत, अजूनही आईकडे येतात, पण भाडं गेलं ते गेलंच.

आणि आता मुळाशी काय होतं ते ऐका. तक्रार कोणी केली हे आई महिनाभर शोधत होती, शेजारच्या काकूंशी बोलणंही बंद केलं होतं. सरांनी मोजताना चेंबरची झाकणं उघडली होती. आमच्या गच्चीचं पावसाचं पाणी पाईपने थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेलं. पावसाचं पाणी आणि मैलापाणी एका लाईनला जोडायचं नसतं, जोरात पाऊस आला की लाईन भरते आणि सगळ्यात सखल चेंबरमधून घाण बाहेर येते. ते सखल चेंबर काकूंच्या दारात होतं. दरवर्षी पावसाळ्यात त्यांच्या दारात ते पाणी यायचं आणि त्या बिचाऱ्या आईला काही बोलल्या नव्हत्या, शेवटी त्यांच्या मुलाने महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली, ड्रेनेजची. तपासायला आलेल्या माणसाने वर बघितलं तर गच्चीवर खोली, बाजूला मोरी, आणि सगळंच कागदावर आलं. प्लंबरने साडेसहा हजारात पाईप वेगळा करून पावसाच्या गटारात सोडला. इतक्या वर्षांत हे साडेसहा हजार खर्च केले असते तर असं राहून राहून वाटतं. या जूनमध्ये धो धो पडला तेव्हा आई छत्री घेऊन काकूंच्या चेंबरजवळ बघायला गेली होती, कोरडं होतं, मग दोघी तिथेच उभ्या राहून बराच वेळ बोलत होत्या म्हणे.

प्रक्रिया कशी झाली ते थोडक्यात. नोटिशीच्या मुदतीच्या आत त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम ४४ खाली बांधकाम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, कलम ५३ मध्येच ती सोय दिलेली आहे, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीवरून त्या बांधकामाला हात लागत नाही. म्हणून मुदत चुकवायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. सरांनी बाविसाव्या दिवशी अर्ज टाकला. नवीन नकाशा काढला त्यात जे ठेवायचं ते लाल, जे काढायचं त्यावर पिवळ्या तिरप्या रेघा, ड्रेनेज लाल तुटक रेषेत आणि पाणी निळ्या तुटक रेषेत. प्रिंट आली तेव्हा आजीच्या मोरीवर त्या पिवळ्या रेघा होत्या. आईने त्यावरून नुसता हात फिरवला. मग आम्ही स्वतः मजूर लावून मोरी काढली, आधीचे आणि नंतरचे तारखेसकट फोटो काढून अर्जाला जोडले. आपण स्वतः काढलं तर विटा-पत्रा-फरशी आपली राहते, जिन्यापर्यंतचा नळ वाचतो, महापालिकेने काढलं तर तोडफोड होते आणि बिल वेगळं. परवानगी या फेब्रुवारीत आली.

पैसे, कारण रिव्ह्यूत लोक तेच शोधतात. सरांची फी ३८ हजार, स्ट्रक्चरल इंजिनियरचे ९ हजार, मोरी आणि रॅम्प काढायचे १४ हजार, कॉलमची दुरुस्ती २७ हजार, आणि महापालिकेला प्रीमियम, विकास शुल्क, दंड मिळून चलनाने १ लाख १२ हजारच्या आसपास. एजंटच्या साठ हजारांपेक्षा खूपच जास्त, हे मान्य. पण प्रत्येक रुपयाची पावती माझ्या फाईलमध्ये आहे आणि आई आता गेट वाजलं की दचकत नाही.

आता कापलेला स्टार. फी सुरुवातीला लेखी दिली नाही, तोंडी ३० सांगितली आणि नंतर नकाशा दोनदा बदलावा लागला म्हणून ३८ झाली. कारण पटलं मला, पण आधी कागदावर काय काय धरलंय ते हवं होतं. ऑनलाइन अर्जात ड्रॉईंग पहिल्या वेळी फेल झालं, लेयरची नावं चुकली होती, ती त्यांच्या ऑफिसच्या मुलाची चूक, त्यात आमचे तीन आठवडे गेले. आणि फोन. सर साईटवर असले की उचलत नाहीत, ऑफिसमधून "सर कळवतील" एवढंच, त्या तीन आठवड्यांत आईचा जीव टांगणीला होता आणि एक मेसेज कोणी टाकला असता तर बरं झालं असतं. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस एकटं आहे त्यांनी फी ठरवतानाच आठवड्याला एक फोन ठरवून घ्या.

मी मुंबईतल्या आमच्या सोसायटीबद्दलही विचारून घेतलं, त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. मुंबईला कायदा वेगळा, १८८८ चा, तिथे परवानगीशिवायच्या बांधकामाला कलम ३५१ ची नोटीस येते आणि चालू काम थांबवायला ३५४अ. इमारत ३० वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सोसायटीने स्वतः करून द्यायचं असतं, आमची गेल्या वर्षीच झाली होती आणि कमिटीत कोणाच्या लक्षातच नव्हतं. आग विझवायची उपकरणं चालू स्थितीत आहेत असा दाखला, फॉर्म बी, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सवाल्या एजन्सीकडून भरून द्यायचा. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण नसेल आणि डासांच्या अळ्या सापडल्या तर नोटीस मालकाला किंवा सोसायटीला. आवारातलं झाड आपलं असलं तरी फांदी छाटायलासुद्धा परवानगी. हे सगळं मी कमिटीच्या ग्रुपवर टाकलं, ऑडिटचं कोटेशन मागवलंय.

सर्व्हिस घेताना एवढंच बघा की समोरचा माणूस आधी नकाशा मागतोय का. आणि काय वाचणार नाही ते तो पहिल्याच दिवशी सांगतोय का. आमच्या एजंटने यातलं काहीच केलं नव्हतं.

भोगवट्याचं पत्र अजून यायचंय. पुढच्या मंगळवारी महापालिकेचे ज्युनियर इंजिनियर शेवटच्या पाहणीला येणार आहेत, पार्किंगचं शटर काढलेलं आणि बाजूची जागा मोकळी दिसायला हवी, म्हणून आईला तिथल्या कुंड्यासुद्धा हलवायला सांगितल्यात. पत्र हातात आलं की इथेच खाली लिहीन आणि सरांनी हो म्हणलं तर नावही टाकेन.